केबिन लाइटला साधा पिवळा बल्ब की एलईडी? आधी फॉल्ट तर शोधा

रात्री मागच्या सीटवर मुलाचा बेल्ट लावायला जावं आणि लाइटच लागू नये, की बहुतेक जण ठरवूनच टाकतात, बल्ब गेला, आता एलईडीच टाकू. एलईडी चांगलीच आहे, मी पण वापरतो, पण फॉल्ट सापडायच्या आधी टाकू नका एवढं कळकळीने सांगतो.

का ते सांगतो. ५ वॅटचा साधा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ०.४ अँपिअर घेतो, एलईडी त्याच्या कितीतरी कमी. त्यामुळे होल्डर गंजलेला असेल, अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली मायनस वायर) ढिला असेल किंवा वायर तुटून टोकं जेमतेम टेकत असतील तर साधा बल्ब लगेच मंद होतो आणि तुम्हाला कळतं की इथे गडबड आहे, तर एलईडी तेवढ्याशा करंटवर पण बऱ्यापैकी लागते, फॉल्ट झाकला जातो. आमच्या डिकीच्या लाइटला असंच झालं, एलईडी कधी लागायची कधी फडफडायची, मी दोनदा एलईडीच बदलली, शेवटी जुना बल्ब लावून बघितला तर अगदीच मंद, मग डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी मागे सरकवली तर आत वायर जवळजवळ तुटलेली. दार वरखाली होऊन तिथली वायर मोडते, मोठ्या डिकीच्या गाड्यांत हे खूप बघायला मिळतं.

म्हणून आधी हे बघा. एकच लाइट बंद असेल तर बल्ब, होल्डर नाहीतर त्याची वायर. सगळेच बंद असतील तर फ्यूज, आणि त्याच्याही आधी डॅशबोर्डवरचं डिमरचं (उजेड कमी-जास्त करायचं) चाक, बऱ्याच मिनीव्हॅनमध्ये ते पूर्ण खाली फिरलं की दार उघडल्यावर लागणारे लाइट बंदच होतात आणि पूर्ण वर फिरलं की चालूच राहतात, पोरांचा हात लागतोच. एकाच दाराने लागत नसतील तर त्या दाराच्या लॉकमधला स्विच, स्लायडिंग दारात तर धूळ जाऊन हे होतंच. नवा फ्यूज पण लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, जास्त अँपिअरचा टाकायचा नाही, वायर जळेल.

आता दोघांची तुलना. लाइट चुकून रात्रभर राहायची भीती असेल तर एलईडी सरळ जिंकते, ५ वॅटचे पाच बल्ब म्हणजे तासाला २ अँपिअर-तास, १० तासांत २०, ६० अँपिअर-तासाच्या बॅटरीचा तिसरा हिस्सा गेला, बॅटरी जुनी असेल तर सकाळी सेल्फ मारणार नाही. उष्णतेचं पण तेच, साधा बल्ब तापतो, ५ च्या जागी १० वॅटचा टाकला तर वरचं प्लास्टिकचं कव्हर वितळू शकतं. उजेड पण एलईडीचा जास्त.

पण ज्या गाडीत लाइट हळूहळू विझतात तिथे साधा बल्ब निमूट काम करतो, एलईडी फडफडू शकते किंवा बंद केल्यावरही मंद मिणमिणत राहते, कारण थोडासा करंट येत असतो आणि तिला तेवढा पुरतो. बऱ्याच एलईडींना प्लस-मायनस पण असतं, लावल्यावर नाही लागली तर उलटी करून बघा, फेकू नका. माप मात्र दोघांचं बघावं लागतं, लांबट बल्ब ३१, ३६, ४१ मिलिमीटर अशा मापात येतात, जुना काढून मोजूनच घ्या.

छताच्या कडेने एअरबॅगच्या वायरी गेलेल्या असू शकतात, पिवळ्या कनेक्टरमध्ये टेस्ट लॅम्प (करंट येतो का बघायचा दिवा) अजिबात खुपसू नका, तिथे काम असेल तर इलेक्ट्रिशियनकडेच द्या.

माझ्या मते तिसरी रांग आणि डिकीला एलईडी, कारण तेच लाइट चुकून चालू राहतात, पुढे ड्रायव्हरजवळ साधा पिवळाच, रात्री डोळ्यावर येत नाही. आणि काढलेला एक चालू बल्ब ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवून द्या, पुढच्या वेळी एलईडी फडफडली की त्याच होल्डरमध्ये तो लावून बघायचा.