पांढरं हिम, निळी हिमनदी

ताजं हिम पांढरंशुभ्र, तर अर्जेंटिनातल्या पेरितो मोरेनो हिमनदीच्या भेगा गडद निळ्या. दोन्हीकडे गोठलेलं पाणीच, फरक हवेचा. हिमाच्या कणाकणांत हवा खेळती असते. प्रकाश दर कडेवर आपटत वळतो आणि ८० ते ९० टक्के परत येतो, सगळे रंग घेऊन. गोळेवाल्याचा किसलेला बर्फ पांढरा दिसतो तोही यामुळेच.

हिमनदीत वर्षानुवर्षांच्या दाबाने बरीचशी हवा निघून जाते. प्रकाश खोलवर शिरतो, वाटेत बर्फाचे रेणू तांबडा रंग गिळतात, निळा तेवढा उरतो. (आकाशाच्या निळाईचं कारण इथे चिकटवू नका, ते प्रकरण वेगळं.) आणि हिम तरी कायम पांढरं कुठे? त्यात काठी खुपसा, खोल भोकात निळसर झाक दिसेल.