आरसा, जाड मोजा आणि माझा उजवा हात: आठ महिन्यांचा अनुभव

पक्षाघाताचा झटका आला तेव्हा उजवा हात खांद्यापासून लुळा पडला. आज आठ महिन्यांनी शर्टाची बटणं मी स्वतः लावतो. मधल्या काळात बरंच काही करून पाहिलं, पण खरा उपयोग दोन गोष्टींचा झाला.

पहिली मिरर थेरपी. बोटं अजिबात हलत नव्हती तेव्हा फिजिओथेरपिस्टनी टेबलावर मधोमध आरसा उभा करून दिला. उजवा हात आरशामागे आणि डावा पुढे ठेवायचा, डावी मूठ उघडायची-मिटायची, नजर मात्र आरशावरून हलू द्यायची नाही. उजवाच हात हलतोय असं वाटतं. रोज अर्धा तास. पाच आठवडे काहीही झालं नाही. सहाव्या आठवड्यात बायको एकदम ओरडली, "अंगठा हलला!" मी आरशातच बघत होतो, मला कळलंही नव्हतं. हातपाय गमावलेल्यांच्या वेदनेसाठी मेंदूचे अभ्यासक डॉ. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात हा आरसा वापरला होता. पक्षाघातासाठी तो नंतर आला.

दुसरी पद्धत चांगला हात बांधून ठेवण्याची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांना माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं की एका हाताची संवेदना गेली की तो हलवता येत असूनही माकड वापरायचं सोडून देतं. माझंही तेच झालं होतं. सगळं डाव्यानेच उरकत होतो. पाचव्या महिन्यात मनगट आणि बोटं थोडी वर उचलता यायला लागली, तेव्हाच थेरपिस्टनी होकार दिला. एवढी हालचाल नसेल तर या पद्धतीच्या मागे लागू नका, नुसता मनस्ताप होतो. दोन आठवडे डाव्या हातात जाड मोजा. आंघोळ, जिना आणि गरम वस्तू सोडून जागेपणी जवळजवळ कायम. शिवाय रोज तीन तास सराव: कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, पानं उलटणं, पेला उचलून ठेवणं. पेला धरणं जमलं, सोडणं जमेना. बोटं उघडतच नसत. तिसऱ्या दिवशी मी रडलो. अकराव्या दिवशी पेला न सांडता टेबलावर ठेवला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या अभ्यासातही या पद्धतीचा फायदा वर्षभरानंतर टिकलेला दिसला होता.

दोन गोष्टींचा त्रास झाला. कुणाच्या तरी सल्ल्याने महिनाभर रबरी चेंडू दाबला, त्याने माझी मूठ आणखी आवळली. आणि सुरुवातीला मदतनिसाने उठवताना लुळा हात धरून ओढलं; खांदा तीन आठवडे ठणकत होता. घरच्यांनो, त्या हाताला धरून माणसाला कधीही उठवू नका.

मोजा अजूनही संध्याकाळी तासभर घालतो. सध्या कुलपाचा सराव चालू आहे. किल्ली आत जाते, फिरत मात्र नाही.