हरभऱ्याचे रायझोबियम पाकीट : दोन रब्बी हंगामांचा अनुभव

अमळनेर तालुक्यातील आमच्या काळ्या जमिनीत सलग दोन वर्षे हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम संवर्धक, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंचे पाकीट, लावले. पहिल्या वर्षी पैसे वाया गेले, दुसऱ्या वर्षी वसूल झाले.

पहिल्या खेपेची पाकिटे ज्या कृषी सेवा केंद्रातून घेतली, तेथे ती पत्र्याच्या छपराखाली, दर्शनी फळीवर उन्हात मांडलेली होती. या पाकिटातला माल जिवंत असतो आणि उष्णतेने मरतो, हे खान्देशातल्या ऑक्टोबरच्या उन्हात दुकान चालवणाऱ्याला ठाऊक असायला हवे. अंतिम तारीख उलटलेली नव्हती. तरीही फुलोऱ्यात उपटलेल्या रोपांच्या मुळांवर मोजक्याच बारीक गाठी होत्या आणि नखाने चिरल्यावर त्या आतून पांढुरक्या निघाल्या.

या संवर्धकाची खरी परीक्षा गाठीच्या रंगातच आहे. हवेत सुमारे 78 टक्के नत्र असला, तरी त्याच्या रेणूतले अणू एकमेकांना इतके घट्ट बांधलेले असतात की पिकाला तो घेता येत नाही. गाठीतले जिवाणू नायट्रोजिनेज या विकराच्या साहाय्याने त्याचा अमोनिया करतात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. हे विकर प्राणवायूने निकामी होते, म्हणून गाठीतील लेगहिमोग्लोबिन हे लालसर प्रथिन प्राणवायू धरून ठेवते, आणि त्याच्यामुळेच कामाची गाठ आतून गुलाबी दिसते.

दुसऱ्या वर्षी सावलीत ठेवलेली, ताज्या उत्पादनाची आणि वर ‘हरभरा’ असे स्पष्ट छापलेली पाकिटे निवडली, कारण सोयाबीनचे जिवाणू हरभऱ्यावर गाठी धरत नाहीत. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम या हिशेबाने एकरी तीन पाकिटे लागली. आधी बुरशीनाशक, मग गुळाच्या पाण्यातून संवर्धक, सावलीत सुकवण आणि त्याच दिवशी पेरणी, असा क्रम ठेवला. हा क्रम पाकिटावर कुठेही छापलेला नाही, ही मोठी उणीव आहे. दुकानदाराने सोबत युरियाची गोणी घेण्याचा आग्रह केला, पण जमिनीत तयार नत्र भरपूर मिळाला की झाड गाठी कमी धरते, म्हणून ती घेतली नाही.

मुद्दाम चार ओळी बिनप्रक्रियेच्या ठेवल्या होत्या. त्यांच्या मुळांवरही गाठी आल्या, कारण या शेतात हरभरा पूर्वीपासून होतो आणि त्याचे जिवाणू मातीत टिकून असतात. मात्र प्रक्रिया केलेल्या ओळींत त्या मुख्य मुळाजवळ झुबक्याने, टपोऱ्या आणि आतून गुलाबी होत्या. उत्पादन वेगळे तोलले नसल्यामुळे क्विंटलचा दावा करीत नाही. यंदा पाकिटे पेरणीच्या आठवड्यातच आणून घरात माठाच्या आडोशाला ठेवणार आहे.