शॅम्पेन-अर्बानाची बस: मोटार नसलेल्या बिऱ्हाडाचा चार वर्षांचा अनुभव

अमेरिकेत मोटारीवाचून पान हलत नाही, हे सांगलीहून निघण्यापूर्वी इतक्या जणांनी बजावले होते की, इलिनॉय राज्यातल्या अर्बाना गावात मी आले ती घरात कोंडून राहण्याची मनाची तयारी करूनच. नवऱ्याला विद्यापीठात पोस्टडॉकची जागा मिळाली होती, मला कामाची परवानगी मिळायला अवकाश होता आणि एकाच्या पगारात भाडे, विमा आणि मोटार या तिन्हींचा मेळ बसत नव्हता. पहिल्या वर्षी नाइलाज म्हणून बसने फिरलो. पुढे मोटार घेण्याइतके पैसे साठले, तरी ती घ्यावीशी वाटली नाही. त्यामुळे शॅम्पेन-अर्बाना मास ट्रान्झिट डिस्ट्रिक्ट, म्हणजे इथल्या बोलण्यातली एमटीडी, या बससेवेविषयी सविस्तर लिहिण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे मी मानते. शिवाय मी एसटीच्या कंडक्टरची मुलगी आहे, त्यामुळे वेळापत्रक, फेरी आणि थांबा या गोष्टींकडे मला तटस्थपणे पाहताच येत नाही.

ही सेवा समजून घ्यायची तर आधी गावाची रचना समजून घ्यावी लागते. अर्बाना हे जुने गाव. पण १८५४ साली इलिनॉय सेंट्रल रेल्वेने आपले रूळ त्याच्या पश्चिमेला दोनेक मैलांवर टाकले, स्थानकाभोवती नवी वस्ती उभी राहिली, तिला आधी पश्चिम अर्बाना आणि १८६० पासून शॅम्पेन म्हणू लागले, आणि १८६७ साली स्थापन झालेले विद्यापीठ या दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत वाढत गेले. आज राइट स्ट्रीट हा रस्ता ओलांडला की गाव बदलते: महापौर वेगळा, नगरपालिका वेगळी, सार्वजनिक ग्रंथालयही वेगळे. बस मात्र दोन्ही गावांत एकच. १९७० साली मतदारांनी तिच्या बाजूने कौल दिला आणि १९७१ पासून ती धावते आहे. दोन्ही गावे मिळून सव्वा लाखाची वस्ती, विद्यापीठाच्या पटावर पन्नास हजारांहून अधिक विद्यार्थी, आणि वस्ती संपली की चहूबाजूंना क्षितिजापर्यंत मका आणि सोयाबीन. एवढ्या लहान ठिकाणी इतकी दाट बससेवा परवडते ती या विद्यार्थ्यांमुळेच. प्रत्येकाच्या शुल्कात बसचा वाटा असतो, त्यामुळे ओळखपत्र दाखवले की त्यांचे काम होते. विद्यापीठाच्या आवारातल्या ‘आयस्टॉप’ असे लिहिलेल्या थांब्यांवर तर कोणालाच काही दाखवावे लागत नाही. बाकीच्यांना एका प्रवासाला एक डॉलर पडतो आणि ड्रायव्हर सुटे पैसे परत देत नाही. सुट्यांवरून वाद घालण्यात उमेदीची वर्षे गेलेल्या माझ्या वडिलांना हा नियम फारच आवडला.

मार्गांना क्रमांकाबरोबर रंगांची नावे आहेत: १ यलो, ५ ग्रीन, १२ टील, १३ सिल्व्हर. विद्यार्थ्यांची सर्वांत लाडकी २२ इलायनाय हिला मात्र रंगाचे नाव नाही. क्रमांकापुढे दिशेचे अक्षर असते आणि माझ्यासारख्या नवख्या माणसाची फजिती नेमकी तिथेच होते. पहिल्याच महिन्यात ‘एन’ आणि ‘एस’मधला फरक लक्षात न घेता मी २२ मध्ये चढले आणि घरापासून दूर दूर जात राहिले, चूक सर्वस्वी माझी होती, पाटीवर सगळे स्वच्छ लिहिलेले होते. त्याहून महत्त्वाची खूण म्हणजे शून्य. दिवसा धावणारी ५ ग्रीन रात्री ५० ग्रीन होते, १ यलो ही १०० यलो होते, आणि शून्य जोडलेल्या गाड्यांचे मार्ग व दोन फेऱ्यांमधला वेळ दिवसाच्या गाड्यांसारखे असतीलच असे नाही. नव्याने येणाऱ्याने दुसरे काही वाचले नाही तरी एवढे वाचावे.

गेल्या वर्षी एप्रिलअखेरीस माझे वडील आले. त्यांचे वय बहात्तर. पासष्टीच्या पुढच्यांना इथे डॅश नावाच्या कार्डावर मोफत प्रवास करता येतो, त्यामुळे ते रोज सकाळी चहा घेऊन जे निघत ते जेवायच्या वेळेला परतत. विद्यापीठाजवळच्या एका थांब्यावर त्यांनी पाहिलेला प्रसंग त्यांच्याच शब्दांत सांगायला हवा, पण ते लिहीत नाहीत, म्हणून मी सांगते. चाकाच्या खुर्चीतली एक मुलगी थांब्यावर होती. गाडी उभी राहिली आणि हवा सुटल्याचा आवाज करत दरवाजाच्या बाजूने बसकी झाली, पायाशी फळी उलगडली, मुलगी आत आली, ड्रायव्हर जागेवरून उठला, पुढच्या बाकावर बसलेल्यांना त्याने मागे जायला सांगितले, बाक वर दुमडला आणि खाली वाकून खुर्चीचे चारही पट्टे जमिनीतल्या कड्यांना अडकवून एकेक ओढून पाहिला. या सगळ्याला चार मिनिटे लागली, हे वडिलांनी घड्याळात पाहून ठेवले होते. उभ्या असलेल्या तीस-चाळीस जणांपैकी कोणी चकार शब्द काढला नाही. वडिलांना खरे नवल याचे वाटले की, राइट स्ट्रीटवरच्या मोठ्या थांब्यावर गाडी तरीही वेळेवर पोहोचली. ‘अगं, यांनी वेळापत्रकातच श्वास घ्यायला जागा ठेवली आहे,’ असे ते रात्री जेवताना म्हणाले, आणि आपल्या डेपोत अशी जागा मागितली असती तर साहेबांनी काय उत्तर दिले असते हेही त्यांनी सविस्तर ऐकवले. अपंगांची ही सोय इथे काल-परवा आलेली नाही. अपंग विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम टिम न्यूजंट यांनी १९४८ मध्ये सुरू केला आणि त्यापाठोपाठ खुर्चीसकट आत घेणाऱ्या, उचलणी बसवलेल्या बसगाड्या पन्नाशीच्या दशकातच विद्यापीठात धावू लागल्या होत्या.

उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला ‘थँक यू’ म्हणतो, हीदेखील इथली रीत आहे. मागच्या दाराने उतरणारेसुद्धा तिथून ओरडून म्हणतात. वडिलांनी तिसऱ्या दिवसापासून मराठीत ‘येतो हं’ म्हणायला सुरुवात केली आणि ड्रायव्हरही मान डोलवू लागले.

आता सेवेची दुसरी बाजू. मेच्या मध्यावर पदवीदान झाले आणि त्यानंतरच्या आठवड्यात वडील थांब्यावर नेहमीसारखे उभे राहिले, तर गाडी बराच वेळ आलीच नाही. मला हे ठाऊक होते, त्यांना सांगायचे राहून गेले होते. इथले वेळापत्रक ऋतूंवर किंवा गावाच्या गरजेवर बेतलेले नाही, ते विद्यापीठाच्या सत्रावर चालते. सत्र चालू असताना आवारातल्या मुख्य रस्त्यांवर दर काही मिनिटांनी गाडी दिसते आणि एक चुकली तरी हळहळ वाटत नाही. सत्र संपले की फेऱ्या कमी होतात, काही गाड्या पूर्णपणे बंद राहतात आणि थँक्सगिव्हिंग व नाताळच्या दिवशी तर बस धावतच नाही. व्यवहाराच्या दृष्टीने हे बरोबर आहे. रिकाम्या गाड्या पळवून तोटा वाढवण्यात शहाणपण नाही, हे मला कोणी शिकवायला नको. पण जे इथे बारा महिने राहतात, दुकानांत आणि इस्पितळांत पाळ्या करतात, त्यांच्या कामाला उन्हाळ्याची सुटी नसते, आणि जूनमध्ये थांब्यावर उभे राहिले की हे गाव कोणाच्या हिशेबाने चालते ते न सांगता कळते. उपाहारगृहे लवकर बंद होतात, रस्ते ओस पडतात, गाड्यांत चार-पाच माणसे असतात आणि ती चौघे-पाच जण हळूहळू एकमेकांना ओळखू लागतात. मला स्वतःला हे दिवस आवडतात, हेही कबूल करायला हवे.

घर शोधताना मात्र या गोष्टीने मला चांगलाच दणका दिला. आमच्या दुसऱ्या घराच्या जाहिरातीत घरमालकाच्या कंपनीने ‘बसथांबा दोन मिनिटांवर’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते. थांबा खरोखरच दोन मिनिटांवर होता, परंतु तिथे येणारी गाडी फक्त सत्र चालू असताना येत असे, आणि हे त्या कंपनीच्या माणसाने विचारूनही सांगितले नाही. इथले भाडेकरार बहुधा ऑगस्ट ते जुलैअखेर असतात आणि पुढल्या वर्षासाठी सह्या आदल्या पानगळीतच मागतात, त्यामुळे चूक कळेपर्यंत आम्ही वर्षभरासाठी बांधले गेलो होतो. म्हणून घर पाहायला जाण्याआधी एमटीडीच्या नकाशावर तीन गोष्टी पाहाव्यात: सत्राबाहेर तिथे कोणती गाडी येते, रविवारी येते का, आणि शून्यवाली रात्रीची गाडी किती अंतरावरून जाते.

हिवाळ्याबद्दल तक्रार करायला जागा कमी आहे. जानेवारीत पारा उणे वीस सेल्सियसच्या आसपास जातो, सपाट प्रदेश असल्यामुळे वाऱ्याला अडवणारे काही नसते, आणि पाच मिनिटांची वाटसुद्धा गुडघ्यांत शिरते. अशा वेळी मोठ्या थांब्यांवरच्या पाट्यांवर आणि मोबाईलवर गाडी किती मिनिटांत येणार ते दिसते, त्यामुळे घरातून नेमक्या वेळी निघता येते. या आकड्यांवर माझा आता आईच्या शब्दाइतका विश्वास आहे. आत ऊब असते, काचांवर वाफ धरते आणि बुटांखालच्या बर्फाचे पाणी होऊन ते चढणीवर मागे आणि उतारावर पुढे वाहत राहते. चढ-उतार इथे नावालाच असले तरी ते पाणी तेवढे अचूक ओळखते. २०२१ मध्ये आलेल्या हायड्रोजनवर चालणाऱ्या साठ फुटी जोडगाड्यांपैकी एखादी मिळाली तर इंजिनाची घरघरही नसते.

दूरच्या प्रवासासाठी शॅम्पेनमधले इलिनॉय टर्मिनल सोयीचे आहे. गावातली बस, शिकागोला जाणाऱ्या बसगाड्या आणि रेल्वे एकाच इमारतीशी मिळतात, आणि दिवसातून तीन गाड्या उत्तरेला शिकागोकडे व तीन दक्षिणेला जातात. रात्री उशिरा आवारातून एकटीने परतायचे असेल तर सेफराइड्स ही फोन करून बोलावण्याची सोय आहे. ती मी दोनदा वापरली आणि दोन्ही वेळा निश्चिंत घरी आले.

पाचपैकी किती, असे विचाराल तर सत्रात पावणेपाच, उन्हाळ्यात तीन. राहता राहिला किराणा. मायर हे सुपरमार्केट आणि मार्केट प्लेस मॉल या दोन्ही ठिकाणी बस थेट नेते, पण भारतीय किराणा दुकानाला जायला मला गाडी बदलावी लागते, आणि येताना वीस पौंडांची तांदळाची पिशवी मांडीवर, कढीपत्ता पर्समध्ये आणि पायांत भेंडीची पिशवी असा तळ ठोकून बसावे लागते. वडिलांनी जायच्या आदल्या दिवशी ही फेरी माझ्याबरोबर केली, बदलीच्या थांब्यावर अकरा मिनिटे उन्हात उभे राहिले आणि दुसरी गाडी दिसताच तांदूळ खांद्यावर घेऊन सवयीने मागच्या दाराकडे चालू लागले. ड्रायव्हरने पुढचे दार उघडून गाडी बसकी केली आणि त्यांच्यासाठी थांबून राहिला.