सिग्नलला गाडी बंद पडते: आधी थ्रॉटल साफ करायचा की स्कॅनर लावायचा?

हायवेला गाडी मस्त पळते, पिकअपची तक्रार नाही. पण सिग्नल दिसला, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, क्लच दाबून ब्रेक लावला की आरपीएमचा काटा ८००च्या आसपास थांबायच्या ऐवजी खाली खाली जातो आणि इंजिन गप्प. स्टार्टर मारला की लगेच चालू. पेट्रोल गाडीचं हे दुखणं घेऊन गॅरेजला गेलात की दोनपैकी एक सल्ला मिळतो: ‘थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या’ (थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) किंवा ‘स्कॅनिंग करून बघू’ (गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे कोड स्कॅनरनं वाचणं).

थ्रॉटलवर संशय येण्याला कारण आहे. पाय काढला की थ्रॉटलची गोल पाकळी मिटते आणि इंजिनाला लागणारी हवा अगदी बारीक वाटेनं येते. पाय काढलेला असताना इंजिन ज्या किमान वेगानं फिरतं, त्याला आयडल म्हणतात. जुन्या, केबलच्या थ्रॉटलमध्ये ही हवा आयडल व्हॉल्व्हमधून येते. नव्या, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये मोटर पाकळी किंचित उघडी धरते. इंजिनातली तेलकट वाफ इनटेकमध्ये येते आणि पाकळीच्या कडेला काळा, चिकट थर धरतो. वेगात पाकळी चांगली उघडी असते म्हणून तो थर आडवा येत नाही. थांबताना मात्र तीच बारीक वाट बुजलेली असते. एसी चालू असताना हमखास बंद पडते, तीही यामुळेच: कॉम्प्रेसरचा भार उचलायला जास्तीची हवा लागते आणि ती मिळत नाही.

म्हणून केबल थ्रॉटलची जुनी गाडी असेल आणि कित्येक वर्षांत तिथे कुणी हात लावला नसेल, तर मी आधी साफच करून घेईन. थ्रॉटल साफ करायच्या स्प्रेचा कॅन, जुना टूथब्रश, फडकं आणि तासाभराचं काम. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलला मात्र जपून. पाकळी बोटानं ढकलून उघडली तर आतले गिअर खराब होऊ शकतात, आणि साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटरला आयडल पुन्हा शिकवावं लागतं. ते केलं नाही तर आयडल वर-खाली होत राहतं आणि आपल्याला वाटतं, बिघाड वाढला. नवी बॅटरी बसवल्यानंतर गाडी बंद पडायला लागली असेल तरी आयडल पुन्हा शिकवलंय का, ते आधी तपासा. आणि ‘स्लो (म्हणजे आयडल) थोडा वाढवून देतो’ म्हणत कुणी पाकळीचा स्क्रू फिरवायला निघालं तर थांबवा. इंजेक्शनच्या गाडीत त्यानं दुखणं फक्त झाकलं जातं.

स्कॅनरचं म्हणाल तर लोक कोडवर फार विसंबतात. थ्रॉटल नुसता मळला असेल तर बहुतेकदा कोड येतच नाही, चेक इंजिनचा दिवाही लागत नाही. कोड आला तरी तो लक्षण सांगतो, कुठला पार्ट बदलायचा ते नाही. पी०५०६ म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा कमी. का कमी, ते शोधायचं बाकीच. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. तेवढ्यावरून फ्युएल पंप बदलू नका. स्कॅनरची खरी किंमत लाइव्ह डेटात, म्हणजे चालू इंजिनाच्या आकड्यांत आहे. आयडलला फ्युएल ट्रिम (मिश्रण जुळवायला कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) अधिक १५-२० टक्के दाखवतोय आणि २,५०० आरपीएमला शून्याकडे येतोय, तर कुठल्या तरी पाईपमधून किंवा पॅकिंगमधून हवा चोरली जातेय. हे पाहणारा मेकॅनिक असेल तर स्कॅनिंगचे पैसे वसूल. नुसता कोड वाचून, पुसून देणारा असेल तर पैसे राखून ठेवा.

माझ्या २०११च्या हॅचबॅकचा थ्रॉटल दोनदा साफ झाला, स्कॅनिंगही झालं. गाडी बंद पडायची ती पडतच होती. शेवटी एका वयस्क मेकॅनिकनं काहीही न खोलता गाडी उभ्यानं चालू ठेवली आणि ब्रेक पाच-सहा वेळा दाबला. दर दाबाला काटा दचकायचा. मग त्यानं मला पेडलजवळ कान न्यायला सांगितलं. बारीक ‘स्सss’ ऐकू आलं. ब्रेक बूस्टरचा, म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा पडदा फाटला होता आणि तिथून इंजिनात हवा चोरली जात होती.

तेव्हापासून कुणीही विचारलं तर मी म्हणतो, दोन्हींच्या आधी स्वतः दहा मिनिटं द्या. उभ्या गाडीत ब्रेक दाबून काटा बघा. सीएनजी असेल तर दोन दिवस पेट्रोलवर चालवा. पेट्रोलवर नीट थांबत असेल तर सीएनजीचं सेटिंग, प्लग आणि एअर फिल्टर बघायचे. टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाच्या जोरावर जोडणारी) ऑटोमॅटिक असेल तर मोकळ्या रस्त्यावर, थांबता थांबता न्यूट्रल करा. तेवढ्यानं बंद पडणं टळलं तर संशय कन्व्हर्टरच्या लॉकअपवर, म्हणजे वेगात दोन्ही घट्ट जोडणाऱ्या आणि थांबताना न सुटणाऱ्या क्लचवर जातो. तापल्यावरच बंद पडते आणि निवल्यावर चालू होते, तर क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं कॉम्प्युटरला कळवणारा) तपासायला सांगा. इथे स्कॅनरच आधी, कारण त्याचा कोड पी०३३५ सापडण्याची शक्यता असते. ऑटो स्टार्ट-स्टॉपची, म्हणजे थांबल्यावर इंजिन स्वतःच बंद करणारी गाडी असेल तर ते बटण बंद करून बघा. कदाचित बिघाडच नसेल.

हे सगळं होईपर्यंत घाटात जाऊ नका. इंजिन बंद पडलं की स्टीअरिंग जड होऊ शकतं आणि बूस्टरमधला व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो. चालू इंजिनातही ब्रेकचं पेडल दगडासारखं लागत असेल तर गाडी आहे तिथेच उभी ठेवा आणि मेकॅनिकला घरी बोलवा.