सॉस्टॉप जॉबसाइट सॉ प्रो: ब्रेक उत्तम आहे, पण घेताना आधी रिव्हिंग नाइफ पाहावी

घरच्या गॅरेजमध्ये हौसेने सुतारकाम करणाऱ्यांच्या यंत्रांत टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या फिरत्या गोल पात्यावर लाकूड कापणारे यंत्र) सर्वांत उपयोगी आहे आणि सर्वांत धोक्याचाही तोच आहे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार २०१५ या एका वर्षात टेबल सॉमुळे झालेल्या सुमारे ३३,४०० दुखापतींवर तिथल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत उपचार झाले. त्यांतल्या सुमारे ३०,८०० दुखापती थेट पात्याचा स्पर्श होऊन झाल्या होत्या आणि सुमारे ४,७०० जणांनी बोट किंवा बोटाचा भाग गमावला होता. न्यू जर्सीतल्या माझ्या गॅरेजमध्ये गेली काही वर्षे सॉस्टॉप कंपनीचा जॉबसाइट सॉ प्रो हा इकडून तिकडे हलवता येणारा टेबल सॉ आहे. हे परीक्षण लिहिताना कापाच्या सफाईपेक्षा मी हाताच्या सुरक्षिततेचा विचार अधिक केला आहे, कारण या कंपनीचे यंत्र लोक मुख्यतः त्याच कारणासाठी घेतात.

प्रथम वेगाचा हिशेब मांडतो. दहा इंची पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. पात्याला चाळीस दाते असतील, तर एका सेकंदात सुमारे २,७०० दाते एकाच जागेवरून जातात. काही तरी बिघडले आहे हे कळून हात मागे घ्यायला चपळ माणसालाही सेकंदाचा पाचवा भाग लागतो आणि तेवढ्यात पाचशेहून अधिक दाते फिरून गेलेले असतात. म्हणून ‘मी सावध असतो, वेळेवर हात काढून घेईन’ या भरवशाला या यंत्रापुढे काही आधार नाही. अपघात होण्यापूर्वी जी व्यवस्था केलेली असेल, तीच काय ती उपयोगी पडते.

सॉस्टॉपची व्यवस्था अशी आहे. पात्यावर सतत एक अतिशय सौम्य विद्युत संकेत सोडलेला असतो. लाकूड वीज जवळजवळ वाहून नेत नाही, माणसाचे शरीर मात्र नेते, त्यामुळे कातडीचा स्पर्श होताच त्या संकेतात बदल होतो. तो बदल ओळखताच यंत्र एक बारीक तार वितळवते, तिने अडवून धरलेली स्प्रिंग सुटते आणि ॲल्युमिनियमचा एक ठोकळा पात्याच्या दात्यांत घुसतो. पाते पाच मिलिसेकंदांच्या आत थांबते आणि थांबताना त्याच्याच गतीच्या झटक्याने टेबलाखाली जाते. कंपनी हे सॉसेज लावून दाखवते. संशोधक स्टीव्ह गॅस यांनी तर कॅमेऱ्यासमोर स्वतःचे बोट फिरत्या पात्याला लावून दाखवले आहे, आणि त्यांना झालेली जखम अगदी किरकोळ होती. गॅस हे भौतिकशास्त्राचे डॉक्टरेट आणि पेटंटचे वकील. त्यांनी ही कल्पना आधी मोठ्या यंत्रनिर्मात्यांपुढे मांडली. तिथे ती स्वीकारली गेली नाही, तेव्हा त्यांनी सहकाऱ्यांसह स्वतःच कंपनी काढली आणि २००४ पासून त्यांचे टेबल सॉ बाजारात आले. या ब्रेकबद्दल मला मनापासून आदर आहे आणि तो नसलेले यंत्र मी आता स्वतःसाठी घेणार नाही.

मात्र या ब्रेकची जाहिरात पाहून जे हे यंत्र घेतात, त्यांच्यापैकी अनेकांना एक गोष्ट कोणी सांगत नाही. ब्रेक पात्याच्या स्पर्शापासून वाचवतो. किकबॅकपासून, म्हणजे पात्याने फळी उलट फेकण्यापासून, तो वाचवत नाही.

किकबॅक कसा होतो हे ज्याला समजले, त्याच्या सवयी आपोआप बदलतात. आपल्या बाजूचे, म्हणजे पुढचे दाते खाली जात असतात आणि फळीला टेबलावर दाबतात, मागच्या बाजूचे दाते मात्र टेबलातून वर येत असतात. फळी सरळ पुढे गेली तर मागचे दाते नुसते कापाच्या फटीतून फिरतात. पण फळी जरा तिरकी झाली, किंवा लाकडातला ताण सुटून कापाची फट मिटली आणि तिने पाते आवळले, तर ते वर येणारे दाते फळीला उचलतात आणि पात्याच्या माथ्यावरून थेट उभ्या असलेल्या माणसाकडे फेकतात. तो तुकडा पोटावर किंवा बरगड्यांवर बसतो. त्याहून वाईट म्हणजे फळी अचानक नाहीशी झाल्यामुळे तिला ढकलणारा हात तोल जाऊन पात्यावर जातो. हाताला होणाऱ्या पुष्कळ दुखापतींच्या मुळाशी असा किकबॅक असतो. ब्रेक त्या साखळीतली शेवटची कडी तोडतो, पण फळीचा मार बसायचा तो बसतोच.

म्हणून या यंत्रातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग म्हणजे पात्यामागे उभी असलेली पोलादी पट्टी, रिव्हिंग नाइफ. ती पात्यापासून ठरावीक अंतरावर असते आणि पात्याबरोबर वर-खाली होते, तिरपीही होते. कापाची फट ती मिटू देत नाही आणि फळी तिरकी होऊन मागच्या दात्यांवर जाऊ देत नाही. अमेरिकेतल्या जुन्या यंत्रांवर तिच्याऐवजी स्प्लिटर असे. तो पात्याबरोबर वर-खाली होत नसे आणि गार्डला, म्हणजे पात्यावरच्या संरक्षक कवचाला, जोडलेला असे. खाच पाडायची झाली की तो सगळा सांगाडा पाने लावून काढावा लागे, आणि एकदा काढलेला सांगाडा गॅरेजच्या भिंतीवर वर्षानुवर्षे लटकत राही. रिव्हिंग नाइफचा माथा पात्याच्या माथ्यापेक्षा किंचित खाली असल्यामुळे अर्धवट खोलीच्या कापातही ती जागेवर राहू शकते. साधारण २००८ पासून अमेरिकेतल्या सुरक्षा मानकाने नव्या रचनेच्या टेबल सॉंसाठी ती आवश्यक केली आहे.

जॉबसाइट सॉ प्रोवर ही नाइफ आणि पूर्ण गार्ड यांची अदलाबदल एक खटका फिरवून, कोणत्याही पान्याशिवाय होते आणि दोन्ही वस्तू ठेवायला यंत्रातच जागा आहे. ही सोय वरवर पाहता लहान वाटेल, पण मी तिला ब्रेकच्या बरोबरीने गुण देईन. जो गार्ड सहज बसतो तोच खरोखर बसवला जातो. गार्डच्या मागच्या दातेरी पट्ट्या फळीला उलट सरकू देत नाहीत आणि त्याचे पारदर्शक कवच बोटांना पात्याच्या माथ्यापासून दूर ठेवते. आरपार काप घेताना तो काढून ठेवण्याचे कोणतेही सबळ कारण मला दिसत नाही. नाइफच्या बाबतीत एक पथ्य आहे: नवे पाते घेताना त्याचा काप नाइफच्या जाडीपेक्षा रुंद आणि पात्याचा पत्रा नाइफपेक्षा पातळ आहे ना, हे पाहावे. अतिशय बारीक कापाचे पाते बसवले तर फळी नाइफवर अडते आणि मग माणूस ती जोराने ढकलू लागतो.

फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरळ ढकलण्यासाठीची बाजूची पट्टी, समाधानकारक आहे. ती पुढे आणि मागे दोन्हीकडे घट्ट बसते आणि पात्यापासून २५.५ इंचांपर्यंत सरकते. पात्याच्या मागच्या टोकाशी ती किंचितही आत झुकलेली नसावी. तशी झुकली की ती फळीला मागच्या दात्यांवर दाबते, म्हणून यंत्र हलवल्यावर मोजून पाहण्याची सवय लावावी. आडवे कापताना मायटर गेज (फळी कोनात धरून पात्याकडे नेणारी सरकती पट्टी) आणि फेन्स एकाच वेळी वापरू नयेत, कारण कापलेला तुकडा पाते आणि फेन्स यांच्यामध्ये अडकतो आणि तिथूनच उडतो. एकाच मापाचे अनेक तुकडे हवे असतील तर फेन्सवर पात्याच्या बऱ्याच अलीकडे एक ठोकळा बांधावा आणि माप त्याला टेकवून घ्यावे.

यंत्राची मोटर घरच्या १२० व्होल्टच्या प्लगवर, १५ अँपिअरवर चालते. प्लाय आणि पाइनसाठी ती पुरेशी आहे, पण दोन इंच जाडीचे मेपल चिरताना ती दमते, आणि दमलेली मोटर हाही सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. लाकूड जळू लागते, माणूस अधिक जोर लावतो आणि जोर लावलेला हात निसटला तर कुठे जाईल हे त्याच्या हाती राहत नाही. चिरण्यासाठी चोवीस दात्यांचे वेगळे पाते ठेवले की ही अडचण बरीच कमी होते. यंत्राबरोबर मिळणारी पुश स्टिक वाईट नाही, तरी अरुंद फळीला मागून ढकलण्याबरोबरच वरून दाबून धरणारा बुटासारखा पुश ब्लॉक मला अधिक विश्वासाचा वाटतो. तो उरलेल्या लाकडातून घरीच बनवता येतो आणि त्याला पात्याने ओरखडे पडले तर टाकून देता येतो. उभे राहावे ते पात्याच्या रेषेत नाही, तर जरा डावीकडे. पाते फळीच्या वर फक्त दात्यांमधल्या खाचा दिसतील इतकेच उचलावे. हातमोजे घालू नयेत, कारण ते पात्यात ओढले जातात, आणि मोज्याआड कातडीचा स्पर्शही उशिरा ओळखला जातो. बंद करण्याचे मोठे पॅडल गुडघ्याने दाबता येते, त्यामुळे दोन्ही हात फळीवर ठेवून यंत्र थांबवता येते. ही रचना उत्तम आहे.

ब्रेकचा खर्चही विचारात घ्यावा. तो एकदा सुटला की ठोकळा आणि स्प्रिंग असलेले कार्ट्रिज बदलावेच लागते आणि पातेही बहुधा निकामी होते. ओले लाकूड, विशेषतः नुकतेच रसायनात बुडवलेले अंगणकामाचे लाकूड, तसेच ॲल्युमिनियम किंवा कार्बन असलेला माल कापताना तो विनाकारण सुटू शकतो. अशा कामासाठी किल्ली फिरवून ब्रेक तात्पुरता बंद करता येतो. ही मुभा तेवढ्याच कापापुरती असते आणि यंत्र पुन्हा सुरू केले की ब्रेक आपोआप जागा होतो, हे कंपनीने फार विचारपूर्वक ठरवले आहे. रुंद खाच पाडणाऱ्या डॅडो पात्यांच्या संचाला वेगळे कार्ट्रिज लागते. त्या कामात नाइफ आणि गार्ड दोन्ही काढावे लागत असल्याने सर्वांत अधिक काळजी तिथेच घ्यायला हवी.

किमतीत हे यंत्र साध्या जॉबसाइट सॉच्या दुपटीहून महाग पडते आणि गाड्यासह त्याचे वजन ५० किलोंच्या पुढे जाते, त्यामुळे ते जिन्यावरून तळघरात एकट्याने नेण्याचा विचार करू नये. २०१६ मध्ये बॉशने रिॲक्स नावाचा टेबल सॉ आणला होता. तो पाते न बिघडवता ते टेबलाखाली ओढून घेत असे. पेटंटच्या वादात २०१७ मध्ये त्याची अमेरिकेतली आयात थांबली आणि ग्राहकाची निवड तेवढी आकुंचित झाली, याचे मला वाईट वाटते. पैसे खरोखरच कमी असतील, तर चांगली रिव्हिंग नाइफ आणि सहज बसणारा गार्ड असलेले साधे यंत्र घ्यावे. नाइफ काढून टाकलेला जुना टेबल सॉ स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये, मग तो कितीही भारी ओतीव लोखंडाचा असो.

महाराष्ट्रातले नातेवाईक हे यंत्र पाठवता येईल का असे विचारतात. इथले १२० व्होल्टचे यंत्र तिथल्या २३० व्होल्टच्या विजेवर चालत नाही, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. तिथे फ्लॅटच्या फर्निचरच्या कामावर प्लायच्या टेबलाखाली हातातले कटर मशीन उलटे बसवून टेबल सॉ केलेला अनेकदा दिसतो. त्याला ना नाइफ असते, ना गार्ड, आणि बटण टेबलाखाली दडलेले असते. घरी छंदासाठी तशी जुळणी कृपा करून करू नये. भारतात २३० व्होल्टवर चालणारे, कारखान्यात बनलेले टेबल सॉ मिळतात. त्यांना विजेचा ब्रेक नसला, तरी दुकानात पाते वर-खाली करून मागची नाइफ त्याच्याबरोबर हलते का, गार्ड हाताने काढून पुन्हा बसवता येतो का आणि बंद करण्याचे बटण समोर आहे का, एवढे पाहूनच पैसे द्यावेत.