सर्व्हिस डॉग घरीच तयार करताय? सराव आधी हार्डवेअरच्या दुकानात की थेट ग्रोसरीत

मी न्यू जर्सीत राहते, आर्थ्रायटिसमुळे खाली वाकता येत नाही म्हणून आमच्या चिकूला (लॅब्रॅडॉर आहे) सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंगत्व असलेल्या माणसाला मदत करायला शिकवलेला कुत्रा, म्हणून घरीच ट्रेन केलं. पडलेली चावी उचलून हातात द्यायला ती तीन आठवड्यांत शिकली, पण चारचौघांत गप्प पडून राहायला वर्ष गेलं.

आधी कायदा. अमेरिकेत एडीएप्रमाणे (अपंगांच्या हक्कांचा कायदा, अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट) कुत्रा स्वतः ट्रेन करता येतो, सर्टिफिकेट, जॅकेट, रजिस्ट्रेशन काही लागत नाही, त्यामुळे ऑनलाइन कार्डांवर पैसे घालवू नका. पण दुकानात, हॉटेलात सोबत नेण्याचा एडीएचा हक्क ट्रेनिंग पूर्ण झालेल्या कुत्र्याला आहे, शिकत असलेल्याला नाही, त्याच्यासाठी राज्याचा कायदा बघायचा आणि तो सगळीकडे सारखा नाही. म्हणून ग्रोसरीत सुरुवात करायची तर आधी हे तपासा, नाहीतर मॅनेजरची परवानगी घ्या.

हार्डवेअरच्या बऱ्याच दुकानांत पाळीव कुत्रे चालतात, तरी फोन करून विचारा. गुळगुळीत फरशी, ट्रॉल्यांचा खडखडाट, फोर्कलिफ्टचा बीप बीप, सगळं मिळतं आणि दहा मिनिटांत बाहेर पडता येतं. त्रास एकच, दुसऱ्यांचे कुत्रे अंगावर येतात.

ग्रोसरीत खरी परीक्षा वासाची, त्यातून आपलं इंडियन ग्रोसरी असेल तर फरसाण, गरम समोसे, खाली मांडलेली पोती, सगळं नाकाच्या उंचीवर. एकदा एका छोट्याच्या हातातला लाडू चिकूच्या पंजाशी फुटला, तिने खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि मला तिथेच रडू आलं, कारण त्यामागे घरी पोळीचे तुकडे टाकून केलेली महिनोन्महिने "सोड"ची प्रॅक्टिस होती. तोंड घातलं असतं तर पाच मिनिटांत बाहेर नेलं असतं, कुत्रा आवरत नसेल तर दुकानदार बाहेर काढायला सांगू शकतो आणि ते बरोबरच आहे.

माझं मत, पहिले दोन-तीन महिने हार्डवेअरच. पण तिथेच रमू नका, खाण्यासमोरचा संयम तिथे येत नाही. मधल्या काळात ग्रोसरीच्या दाराबाहेर बाकावर बसा, येणारी-जाणारी माणसं, पिशव्या, कार्ट नुसत्या बघू द्या. घाई तर नकोच, इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ असिस्टन्स डॉग पार्टनर्स या असे कुत्रे वापरणाऱ्यांच्या संस्थेचा किमान निकषच 6 महिन्यांत 120 तास ट्रेनिंगचा आहे आणि त्यातले 30 तास सार्वजनिक ठिकाणचे.

हॉटेल सगळ्यात शेवटी. आम्ही मुद्दाम दुपारी तीनला डोसा खायला गेलो, कोपऱ्यातलं टेबल मागितलं, आणि बिल येईपर्यंत चिकू टेबलाखाली माझ्या पायावर हनुवटी टेकून पडून होती.